परवाना आणि हजेरी

कायदा वकिलांनी वाचावा आणि वाङ्मय रसिकांनी, अशी एक सोयीची वाटणी आपल्याकडे फार दिवसांपासून झालेली आहे. ती मोडून एका कायद्याची चर्चा वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकात करावयाची, तर प्रथम वाचकांची क्षमा मागणे प्राप्त आहे. आमची सबब एवढीच, की कायदाही अखेर शब्दांचाच बनलेला असतो. त्यातही पात्रे असतात, आणि कोणत्या पात्राकडे करुणेने पाहावे व कोणत्याकडे संशयाने, याचा निवाडा पडदा वर जाण्यापूर्वीच झालेला असतो. गेल्या पावसाळ्यात कोल्हापुरास घरात अडकून पडलो असता आम्ही तीन पुस्तके लागोपाठ पुन्हा वाचली: राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला', लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' आणि भीमराव गस्ती यांचे 'बेरड'. त्यांच्याच जोडीला, एका वकील स्नेह्याच्या कृपेने, १९४९ सालचा मुंबई दारूबंदी कायदाही वाचनात आला. पहिल्या पुस्तकात नशा आहे पण शिक्षा नाही. पुढच्या दोहोंत शिक्षा आहे, मग अपराध घडलेला असो वा नसो. आणि कायद्यात नशा व शिक्षा दोन्ही असून त्यांची वाटणी कशी करावी याचे नियम आहेत. हे चार ग्रंथ शेजारी शेजारी ठेवले म्हणजे जे दिसते, ते एकेक सुटे वाचताना दिसत नाही.

'एकच प्याला' १९१९ साली, गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांनी, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. सुधाकर हा बुद्धिमान व मानी वकील. अपमानाच्या भरात तो पहिला प्याला घेतो. पुढे सनद जाते, संसार जातो, तो सुटण्याची धडपड करतो व पुन्हा बुडतो. शेवटी त्याच्या हातून पोटच्या मुलाचा व पत्नीचा घात होतो. दंडविधानाच्या दृष्टीने याहून मोठा अपराध तो कोणता? परंतु नाटक पाहून घराकडे वळलेल्या प्रेक्षकाच्या मनात सुधाकराला बेड्या पडाव्यात असा विचार डोकावत नाही. पोलीस येतात ते अगदी अखेरीस, आणि सिंधू मरता मरता नवऱ्याला वाचविण्यासाठी खोटी जबानी देते. त्या जबानीवर महाराष्ट्राने शंभर वर्षे अश्रू ढाळले आहेत. तशीच जबानी एखाद्या पालातल्या बाईने दिली असती, तर फौजदाराने ती लिहून तरी घेतली असती काय, हा प्रश्न मात्र आमच्या वाचनात आलेल्या कोणत्याही टीकालेखात विचारलेला नाही.

सुधाकर हा रोगी आहे, दैवाने गाठलेला आहे, आपल्याच स्वभावाने ठेचलेला आहे. गुन्हेगार मात्र तो नाही. आम्ही हे कुचेष्टेने म्हणत नाही. व्यसनी मनुष्य हा प्रथम आजारी असतो, ही गोष्ट आज वैद्यक सांगते, ती गडकऱ्यांच्या प्रतिभेला केव्हाच कळली होती, आणि त्याबद्दल त्यांना मानाचा मुजराच केला पाहिजे. पण त्याच नाटकातल्या तळीरामाकडे पाहा. हा सुधाकराचा कारकून. त्याचे आर्यमदिरामंडळ म्हणजे हशा. तो अंथरुणाला खिळला की वैद्य व डॉक्टर त्याच्या उशाशी भांडतात, तोही हशाच. व्यसन तेच, दारू तीच; एकाचा आजार शोकांतिका झाला आणि दुसऱ्याचा प्रहसन. गडकऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. नाटकात विनोद कोणाच्या तरी पदरी घालावा लागतो, आणि तो नेहमी कारकुनाच्याच पदरी पडतो.

आता 'उचल्या' उघडा. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनाला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यात लेखकाचे आजोबा लिंगप्पा यांना गावाबाहेर पाऊल टाकावयाचे तर परवानगी लागते, हजेरी द्यावी लागते. पोलीस घरात शिरतात ते विचारावयास नव्हे, मारावयास. चोरी केली म्हणून मार बसतो, आणि चोरी केली नसली तरी ती केल्याचे कबूल करावे म्हणून बसतो. 'बेरड' हेही त्याच साली आले. गस्ती बेळगावजवळच्या यमनापूरचे; म्हणजे आमच्या कोल्हापुरापासून फार दूरचे नव्हेत. कोठे घर फुटले की पोलिसांची पावले आधी बेरडांच्या वस्तीकडे वळावयाची, ही त्या मुलखातली रीत त्यांनी कसलाही आरडाओरडा न करता सांगितली आहे. आम्हांस तर 'उचल्या'पेक्षा 'बेरड'चा हा शांत सूरच अधिक जड वाटतो, मात्र या मतास सहमती मिळेल अशी आमची अपेक्षा नाही.

या दोन्ही पुस्तकांच्या पाठीशी एक कायदा उभा आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ साली तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानास लागू होईल असा विस्तारला आणि १९२४ साली पुन्हा बांधून घेतला. त्याअन्वये सबंध जमातच्या जमात गुन्हेगार ठरे; मूल जन्मास आले की त्याच्या वाट्यास आईच्या दुधाबरोबर पोलिसाचे दप्तरही येई. सोलापुरास तारेच्या कुंपणात वसाहत उभी राहिली. कोल्हापूर संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड यांना रोज चावडीवर हजेरी लावावी लागे. ती १९१८ साली शाहू छत्रपतींनी बंद केली. महाराजांच्या अनेक मोठ्या कृत्यांत या आज्ञेचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो. वास्तविक या आज्ञेत त्यांनी न्यायशास्त्राचे एक सबंध प्रकरण लिहिले आहे: ज्याने काही केले नाही त्याला रोज येऊन 'मी अजून काही केले नाही' असे सांगावयास लावू नये. ब्रिटिश मुलखातील कायदा देशभर रद्द होण्यास १९५२ सालचा ३१ ऑगस्ट उजाडावा लागला.

परवाना हा शब्द येथे प्रथम भेटतो. लिंगप्पासारख्यांना या गावाहून त्या गावास जाण्यासाठी जी परवानगी घ्यावी लागे, तीही परवानाच. हा शब्द मनात ठेवून वाचकांनी आता चौथ्या ग्रंथाकडे वळावे.

१९४९ च्या १ मार्चला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि १६ जूनला मुंबईचा दारूबंदी कायदा अमलात आला. दारू गाळणे, विकणे, बाळगणे व पिणे हे सर्व गुन्हे ठरले. हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. ज्यांनी तो कायदा केला त्यांना मजुराची मजुरी गुत्त्यात जाते याचे मनापासून दुःख होते. पण कायद्याची खरी ओळख त्याच्या निषेधात होत नसते, ती अपवादात होते. अपवाद असे: परदेशी नागरिकांस परवाना, परकीय राज्यांच्या प्रतिनिधींस खास परवाना, लष्कराच्या भोजनगृहांस व कँटीनांस सूट, आणि ज्यांच्या प्रकृतीस मद्यावाचून अपाय होईल, त्यांस परवाना. हे परवाने होते ते विदेशी मद्याचे. ताडी, मोहाची किंवा गुळाची दारू पिणाऱ्याची प्रकृती ती सुटल्याने बिघडते की नाही, याचा विचार कायद्यास सुचला नाही. बलसारा नावाच्या गृहस्थांनी या कायद्यास आव्हान दिले, आणि १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने औषधी व प्रसाधनाच्या द्रव्यांपुरती काही कलमे अवैध ठरवून, लष्कराला व परदेशीयांना दिलेली सूट मात्र समतेच्या तत्त्वाशी विसंगत नाही असा निर्णय दिला. न्यायमूर्तींचा तर्क आम्ही समजू शकतो. लष्कराची शिस्त निराळी, परदेशीयांच्या सवयी निराळ्या. पण सवय निराळी असणे हे कोणाच्या बाबतीत सूट मिळण्याचे कारण होते व कोणाच्या बाबतीत पाळत ठेवण्याचे, हे एकदा लक्षात आले की तो तर्क तितका सरळ राहत नाही.

बंदी पुढे सैल झाली. १९७३ साली देशी दारूचेही नियम आले. परवाना मात्र टिकला. आज महाराष्ट्रात मद्य पिण्यासाठी जो परवाना घ्यावा लागतो, तो प्रकृतीच्या रक्षणासाठी व जपणुकीसाठी दिला जातो असे त्यावर छापलेले असते. म्हणजे कायद्याच्या कागदावर हा प्रत्येक पिणारा रोगी आहे, आणि दारू हे त्याचे पथ्य. कोल्हापुरातल्या कोणत्याही हमरस्त्यावर 'परमिट रूम' ही पाटी दिसते. ती इतकी अंगवळणी पडली आहे, की परमिट कसले, असे विचारणारा आता वेडाच ठरावयाचा. शाहूपुरीच्या बाजारात गूळ उतरतो. त्याच उसाच्या मळीपासून कारखान्याच्या आसवनीत मद्यार्क निघतो आणि त्यास परवाना असतो. तोच गूळ नवसागर घालून ओढ्याकाठी पिंपात कुजवला, की त्यावर छापा पडतो.

छापा कोणावर पडतो, हे सांगावयास नकोच. तारेच्या कुंपणातून सुटलेल्या माणसाच्या हातात सरकारने जमीन ठेवली नाही, धंदा ठेवला नाही. काही जमातींतली काही कुटुंबे भट्टीकडे वळली. ती वळली नसती तर बरे झाले असते. पण एका दप्तरातून काढलेली नावे दुसऱ्या दप्तरात चढावयास फार वेळ लागला नाही. जन्माने गुन्हेगार ही भाषा गेली, 'सराईत गुन्हेगार' ही भाषा आली. मुंबई राज्याने १९५९ साली तसा कायदाच केला. सराईत हा शब्द मोठा गमतीचा आहे. सतारीवर फिरणारा हात सराईत असला तर आपण मान डोलवतो. माणूसच सराईत म्हटला, की त्याचे नाव न विचारता त्याला आत घालतो.

शब्दांचा विषय निघालाच आहे, तर आणखी एका कायद्याच्या नावाकडे पाहू. महाराष्ट्रात १९८१ साली प्रतिबंधक स्थानबद्धतेचा एक कायदा झाला. त्याच्या इंग्रजी नावात पहिला जो गुन्हेगार येतो, तो झोपडपट्टीच्या जमिनीवर बेकायदा ताबा मिळवून गरिबांकडून भाडे उकळणारा मालक. दुसरा बेकायदा दारूचा व्यापारी, आणि त्याच्या व्याख्येत दारू गाळणाऱ्यापासून ती साठवणारा, वाहून नेणारा, विकणारा असे सर्वच येतात. मराठी नावात पहिल्याचा 'झोपडपट्टीगुंड' झाला. पोलीस आणि वर्तमानपत्रे तर त्याला 'झोपडपट्टीदादा' म्हणतात. दुसऱ्याचा झाला 'हातभट्टीवाला'. भाषांतर करणाऱ्याच्या मनात कोणतेही कपट नसेल, किंबहुना नव्हतेच, असे आम्ही समजतो. पण इंग्रजीत जो झोपडपट्टीचा मालक होता, तो मराठीत झोपडपट्टीचा रहिवासी झाला. आणि मोटारीतून खोकी वाहणारा व्यापारी नावातून अदृश्य होऊन ओढ्याकाठचा पिंपवाला तेवढा उरला. कायद्याच्या व्याख्येत फरक नसेल. तो कायदा ज्याच्या हाती अंमलबजावणीस जातो, त्या शिपायाच्या डोळ्यांपुढे उभे राहणारे चित्र मात्र या एका शब्दाने ठरते. आमच्या साहित्यसंमेलनांत शुद्धलेखनावर जे खल होतात, त्यांतील एखादी सकाळ या शब्दासाठी खर्ची पडती तर बरे झाले असते.

दारूकडून इतर अमली द्रव्यांकडे वळावे, तर तेथे गोष्ट अधिक स्पष्ट होते. गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ, असे लांबलचक नाव असलेला १९८५ चा कायदा कठोर म्हणून प्रसिद्ध आहे. तथापि त्याला करुणेच्याही दोन खिडक्या आहेत. कलम ६४-अ असे सांगते, की थोड्या प्रमाणातल्या द्रव्याबद्दल किंवा सेवनाबद्दल आरोप असलेला व्यसनी जर स्वतः होऊन मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचार घेण्यास पुढे आला, तर त्यावर खटला चालू नये. कलम ३९ असे सांगते, की दोषी ठरलेल्या व्यसनी माणसाला न्यायालय तुरुंगाऐवजी उपचारास पाठवू शकेल. मात्र तसे करताना त्याचे वय, चारित्र्य, पूर्ववृत्त आणि शरीराची व मनाची स्थिती पाहावी. पहिली खिडकी उघडण्यास ती कोठे आहे हे ठाऊक असावे लागते, म्हणजे वकील लागतो. दुसरी उघडण्यास पूर्ववृत्त लागते. आणि पूर्ववृत्त लिहितो कोण? ज्याच्या वस्तीवर पोलीस महिन्याकाठी जातात, त्याचे पूर्ववृत्त जाडजूड असावयाचे. ज्याच्या बंगल्याच्या फाटकावर शिपाई सलाम करतो, त्याचे कोरे. 'चारित्र्य' हा शब्द तर आणखी निसरडा. सुधाकर या कलमाखाली न्यायालयापुढे उभा राहता, तर त्याला उपचारास पाठविण्यास कोणत्याही न्यायाधीशाला क्षणाचा विलंब लागला नसता. वकील, विद्वान, कुलीन घरातला, पूर्ववृत्त निष्कलंक!

मुंबईतील दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयांत २०१७ व २०१८ या दोन वर्षांत निकालात निघालेल्या अशा दहा हजारांहून अधिक खटल्यांचा अभ्यास झाला आहे. त्यांतील बहुसंख्य खटले गांजाचे, तेही सेवनाचे. शिक्षा झालेले लोक बहुतांशी रोजंदारीवर जगणारे, झोपडीत वा पदपथावर राहणारे. आणि त्यांनी गुन्हा कबूल केलेला. कबुली देऊन दंड भरला की त्याच दिवशी सुटका, खटला लढला तर महिनोन्महिने खेटे. मग रोजगार बुडवून न्याय मागण्यास कोण थांबणार? कबुली मात्र पूर्ववृत्तात जाऊन बसते आणि पुढच्या खेपेस तोंड वर काढते. याउलट शहराबाहेरच्या एखाद्या शेतघरावर मेजवानी पकडली गेली, की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात 'उच्चभ्रू तरुण' असा शब्द येतो, त्यांच्या पालकांची मनःस्थिती येते, मानसोपचारतज्ज्ञाचा लेख येतो. हातभट्टीच्या बातमीत पिंपांची संख्या, लिटरांचे आकडे आणि कित्येकदा जमातीचे नाव येते. पिंपापाशी सापडलेल्या बाईला किती मुले आहेत हे कधी येत नाही.

हा केवळ आपल्या देशाचा अवगुण आहे असे मानून लाजण्याचे, किंवा साऱ्या जगाचाच आहे असे म्हणून सुटकेचा श्वास टाकण्याचेही कारण नाही. अमेरिकेत १९८६ साली एक कायदा झाला. त्यात कोकेनच्या खड्याचे पाच ग्रॅम बाळगणाऱ्यास जी किमान पाच वर्षांची शिक्षा, तीच भुकटीच्या पाचशे ग्रॅमना. द्रव्य एकच, पण खडे स्वस्त, काळ्या लोकांच्या वस्त्यांतून विकले जाणारे, आणि भुकटी महाग. एकास शंभर हे प्रमाण २०१० साली एकास अठरावर आले, एकास एकावर नव्हे. तेथे १९८९ साली मायामीत व्यसनी आरोपींना तुरुंगाऐवजी उपचाराकडे वळविणारे न्यायालय निघाले, आणि पुढे अशी न्यायालये देशभर पसरली. त्यांच्या दाराशीही बहुधा तोच पहारेकरी उभा होता, पूर्ववृत्त. आमच्याकडे कायद्यात जात लिहिलेली नाही, तशी तेथे वर्णही लिहिलेला नाही. लिहिण्याची गरज दोन्हीकडे पडली नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. हातभट्टी म्हणजे काही निरागस गृहोद्योग नव्हे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. मेली ती गरीबच. गावोगावच्या बायकांनी आडवी बाटली करून दुकाने बंद पाडली, त्या बायका उगाच रस्त्यावर आल्या नव्हत्या. त्यांच्यापुढे परवाना-परवाना म्हणून समतेचे तत्त्वज्ञान सांगत बसणे आम्हांस शोभणार नाही. पण एवढे लक्षात घ्यावे, की आडव्या बाटलीवर शिक्का मारणारी बाई नवऱ्याला तुरुंगात टाका असे म्हणत नसते. तो घरी शुद्धीवर यावा एवढेच तिचे मागणे. तिच्यात आणि सिंधूत फरक असा, की सिंधूला खोटे बोलावे लागले आणि हिला खरे बोलूनही उपयोग होत नाही. कारण ज्या तालुक्यात दारूची चार दुकाने चालतात, त्या तालुक्यात दारू सोडविणारी सरकारी खाट बहुधा एकही नसते.

वाङ्मयाच्या अंगाने पाहता आमचा खरा रोख टीकाकारांवर आहे, आणि त्यात आम्हीही आलो. शोकांतिकेला उंची लागते, असा एक जुना सिद्धान्त आम्ही सर्वांनी महाविद्यालयात घोकला. नायक थोर असावा, म्हणजे त्याचे पडणे दिसते. सुधाकराचे पतन दिसते, कारण तो माडीवर उभा होता. जो मुळातच खाली, ओढ्याकाठी उभा आहे, त्याच्या पतनास आम्ही पतन म्हणत नाही, त्याची सवय म्हणतो. 'उचल्या' प्रसिद्ध झाल्यावर तिची परीक्षणे 'दाहक', 'विदारक', 'भीषण वास्तव' या शब्दांनी भरली. लिंगप्पाला शोकांतिकेचा नायक म्हणण्याचे धैर्य फारच थोड्यांना झाले. आम्हीही त्या पुस्तकाविषयी पूर्वी एके ठिकाणी लिहिताना 'दस्तऐवज' हा शब्द वापरला होता. आता तो खटकतो. दस्तऐवज पोलिसाच्या दप्तरातही असतो. न्यायाधीशाच्या आसनावर बसणारा मनुष्य आमच्याच शाळांतून शिकून गेलेला असतो. कोणाची कीव करावी व कोणाची हजेरी घ्यावी, हे तो काही अंशी आम्ही लिहिलेल्या प्रस्तावनांतूनच शिकतो. पूर्ववृत्त पाहताना त्याची नजर कोठे थबकते आणि कोठे सरकते, याचे थोडे पाप आमच्याही माथी आहे.

२०२४ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता या पत्रकार बाईंच्या अर्जावर निकाल देताना तुरुंगांच्या नियमपुस्तकांतील जातीची कामे आणि विमुक्त जमातींना सराईत समजण्याची रीत घटनाबाह्य ठरविली, आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकावयास सांगितले. शाहू महाराजांच्या आज्ञेनंतर एकशे सहा वर्षांनी.

महाराजांचे आणखी एक स्मरण येथे सांगण्याजोगे आहे. हजेरी बंद करण्याच्या तीन वर्षे आधी, १९१५ साली, त्यांनी कोल्हापुरात पॅलेस थिएटर बांधले. पुढे तेच केशवराव भोसले नाट्यगृह झाले आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये आगीत सापडले. त्या रंगमंचावर पुन्हा कधी 'एकच प्याला' लागला, तर आम्ही तिकीट काढून जाणार आहोत, ते सिंधूच्या जबानीसाठी नव्हे. तळीराम अंथरुणावर पडलेला असतो, वैद्य आणि डॉक्टर त्याच्या उशाशी भांडत असतात, त्या वेळी प्रेक्षकांत पहिला हशा कोठून येतो, पुढच्या खुर्च्यांतून की मागच्या, तेवढे ऐकावयाचे आहे.